गुलामी गेली, मळा राहिला

चि. भाचीस,


कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा एक तृतीयांश भाग 1697 च्या तहाने फ्रान्सकडे आला. फ्रेंचांनी त्याला सां-दोमिंग हे नाव दिले; आजचा हैती तो हाच. शंभर वर्षांच्या आत ही जगातली सर्वांत धनाढ्य वसाहत मानली जाऊ लागली. 1789 च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी जवळजवळ 40 टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी इथून जात होती. हे सारे उभे होते सुमारे 5 लाख गुलामांच्या कष्टांवर. गोरे होते साधारण 30 हजार, आणि जवळपास तेवढेच मुक्त मिश्रवंशीय व कृष्णवर्णीय लोक.

तोडलेला ऊस फार वेळ ठेवता येत नाही, रस आंबतो. त्यामुळे हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. झोपेने पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकात गेला, तर तो तोडण्यासाठी कुऱ्हाड शेजारीच ठेवलेली असे. जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होते. लहान मुले वाढवण्यापेक्षा आफ्रिकेतून नवी माणसे विकत आणणे मळेवाल्यांना परवडे. म्हणून तिथले बहुसंख्य गुलाम आफ्रिकेतच जन्मलेले होते. गुलामांना जेवू घालणे मालकावर बंधनकारक आहे, असे 1685 च्या फ्रेंच कायद्यात लिहिलेले होते. प्रत्यक्षात मालक खर्च वाचवण्यासाठी डोंगरउताराचा एखादा तुकडा देत आणि सुट्टीच्या वेळात तिथे कंदमुळे पिकवून पोट भरायला सांगत. हा तुकडा ध्यानात ठेव. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे.

ऑगस्ट 1789 मध्ये फ्रान्समध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. तो वसाहतीतल्या काळ्या माणसांना लागू करण्याची राष्ट्रसभेची तयारी नव्हती. मुक्त मिश्रवंशीयांसाठी समान हक्क मागत उठलेल्या व्हॅन्साँ ओजे याला 1791 च्या फेब्रुवारीत चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. पण वसाहत हलवली ती गुलामांनी. 22 ऑगस्ट 1791 च्या रात्री उत्तरेच्या मैदानात उठाव झाला आणि थोड्याच दिवसांत शेकडो मळे जळाले. बुकमन हा त्यांचा पहिला पुढारी त्याच वर्षी मारला गेला, तरी उठाव विझला नाही. स्पेन आणि इंग्लंड ही वसाहत गिळायला टपलेले असताना फ्रेंच आयुक्त सोंतोना याने 29 ऑगस्ट 1793 रोजी उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द केली. पॅरिसने 4 फेब्रुवारी 1794 रोजी सर्व फ्रेंच वसाहतींसाठी तोच निर्णय घेतला. शाळेत हा निर्णय फ्रेंच क्रांतीची देणगी म्हणून शिकवला जातो. खरे तर बेटावरच्या गुलामांनी तो आधीच हिसकावून घेतला होता. पॅरिसने फक्त मान्यता दिली.

इथून पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: आता ऊस कोण तोडणार? तुसाँ लुव्हेर्त्यूर स्वतः गुलामीत जन्मलेला, असामान्य सेनानी आणि मुत्सद्दी. त्याने इंग्रजांना बेटावरून घालवले आणि 1801 च्या राज्यघटनेत गुलामगिरी कायमची संपल्याचे लिहिले. मात्र साखर विकल्याशिवाय बंदुका येणार नाहीत आणि बंदुकांशिवाय स्वातंत्र्य टिकणार नाही, असा त्याचा हिशेब होता. म्हणून मुक्त झालेल्यांना जुन्याच मळ्यांवर लष्करी शिस्तीत राबणे सक्तीचे झाले. उत्पन्नाचा एक चतुर्थांश वाटा त्यांचा, चाबूक बंद, पण मळा सोडून जाण्याची मोकळीक नाही. 50 कारोंपेक्षा (सुमारे 65 हेक्टर) कमी जमिनीची विक्रीच त्याने बंद केली, म्हणजे गरिबाला स्वतःचे शेत घेण्याची वाट उरली नाही. याविरुद्ध शेतमजूर उठले, तेव्हा त्यांना साथ दिल्याच्या आरोपावरून तुसाँने आपला मानलेला पुतण्या, सेनापती मोईझ, यालाही गोळ्या घालून ठार करवले. तुसाँच्या थोरवीबद्दल शंका नाही. पण हा कलंक झाकून ती सांगता येणार नाही.

1802 मध्ये नेपोलियनचा मेहुणा लक्लेर 20 हजारांहून अधिक सैन्य घेऊन उतरला. तुसाँला दगा देऊन पकडले आणि फ्रान्समधल्या थंडगार फोर्ट द जू किल्ल्यात डांबले; तिथे 7 एप्रिल 1803 रोजी तो वारला. दरम्यान ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावर गुलामगिरी परत आणली गेल्याची बातमी आली आणि फ्रेंचांकडे गेलेले काळे सेनापती पुन्हा उठले. पिवळ्या तापाने फ्रेंच फौज खाल्ली, लक्लेरही त्यातच गेला. 18 नोव्हेंबर 1803 रोजी व्हर्तिएरला निर्णायक लढाई झाली आणि 1 जानेवारी 1804 रोजी सेनापती देसालिनने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच वर्षी त्याच्या हुकमाने बेटावर उरलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची, बायका-मुलांसह, कत्तल झाली. गुलामगिरीच्या क्रौर्याने ती समजावून सांगता येते, समर्थनीय ठरत नाही.

देसालिन आणि त्याच्यानंतर उत्तरेत राज्य करणारा क्रिस्तोफ यांनीही सक्तीचे मळे चालू ठेवले. दक्षिणेत सत्तेवर असलेल्या पेत्याँने मात्र 1809 पासून सैनिकांना जमिनी वाटल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने 1826 च्या ग्रामीण कायद्याने शेतमजुराला पुन्हा मळ्याशी बांधू पाहिले आणि लोकांनी तो कायदा निकामी केला. ते डोंगरात गेले, नातलगांची घरे एका अंगणाभोवती बांधली, कंद आणि थोडी कॉफी लावली. गुलामीतला तो उताराचा तुकडाच त्यांच्या लेखी स्वातंत्र्याचा अर्थ होता. शहरातले अधिकारी आणि डोंगरातले शेतकरी असे दोन समाज यातून उभे राहिले, आणि ती फूट आजही बुजलेली नाही.

बाहेरच्या जगावरचा परिणाम उलटसुलट झाला. हैती हातचा जातोय हे दिसताच नेपोलियनने उत्तर अमेरिकेतला लुइझियाना प्रांत अमेरिकेला विकून टाकला. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सिमोन बोलिव्हारला पेत्याँने शस्त्रे दिली, गुलाम मुक्त करण्याच्या अटीवर. दुसरीकडे हैतीची साखर बंद पडल्याने क्यूबात नवे मळे वाढले, आणि तिथे गुलामगिरी 1886 पर्यंत टिकली. जोतीराव फुले यांनी ज्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी, 1873 मध्ये आपले ‘गुलामगिरी’ अर्पण केले, त्या अमेरिकेच्या सरकारने हैतीला मान्यता दिली ती थेट 1862 मध्ये, गुलाम बाळगणारी दक्षिणेची राज्ये फुटून गेल्यावर.

सर्वांत खोल घाव 1825 चा. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौकांचा ताफा पाठवून मान्यतेची किंमत सांगितली: 15 कोटी फ्रँक, मळे व गुलाम गमावलेल्या मालकांची भरपाई म्हणून. अमेरिकेला अख्खा लुइझियाना 8 कोटींना मिळाला होता. पहिला 3 कोटींचा हप्ता भरण्यासाठी हैतीने फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढले, आणि हातात पडले 2 कोटी 40 लाख. 1838 मध्ये एकूण रक्कम 9 कोटींवर आली, तोवर देश व्याजात बुडाला होता. कॉफीवरच्या करातून, म्हणजे त्याच डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घामातून, ते फेडले गेले.

हैतीच्या आजच्या दारिद्र्याचा दोष तिथल्या माणसांच्या माथी मारणारे लेखन तुला पुष्कळ सापडेल. ते वाचताना 1804 च्या शेजारी 1825 मांड आणि हिशेब शेवटपर्यंत कर. त्या कर्जातून वाढत गेलेल्या देण्याचा शेवटचा हप्ता हैतीने 1947 मध्ये भरला.

तुझी,
मावशी