बर्फावरील निळी सावली

पॅरिस येथें सेन नदीच्या कांठीं ओर्से नांवाचें संग्रहालय आहे; इमारत मूळची रेल्वेस्थानकाची, १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठीं बांधलेली. तेथें क्लोद मोने याचें ‘मॅगपाय’ हें चित्र अवश्य पाहावें. नॉर्मंडी प्रांतांत, एत्रता गांवाजवळ, १८६८-६९ च्या हिंवाळ्यांत त्यानें तें काढिलें.

चित्रांत आहे तें इतकेंच : बर्फानें झांकलेली जमीन, कुंपण, लांकडी फाटक आणि त्यावर बसलेला, कावळ्याच्या कुळांतील एक काळापांढरा पक्षी. माणूस कोठेंच नाहीं. परंतु कुंपणाची सावली पाहा! ती काळी नाहीं, तपकिरी नाहीं, निळी-जांभळी आहे. कारण उघड आहे. कुंपणामुळें जेथें ऊन अडतें, तेथें बर्फावर उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा.

कीर्ति व हास्य शुभ्रच वर्णावें, असा आमच्या साहित्यशास्त्रांत कविसमय आहे. छाया काळसर रंगवावी, हा तसाच चित्रकारांचा संकेत. अठ्ठावीस वर्षांच्या मोनेनें, पदरीं तान्हें मूल व पैशाची नड असतां, संकेत सोडून डोळ्यांवर भरंवसा ठेविला. १८६९ च्या सालोन प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं चित्र नाकारलें. तेंच आतां, १९८४ पासून, फ्रेंच राष्ट्राच्या संग्रहांत आहे.

त्यापुढें उभें राहून निव्वळ पांढरा रंग शोधावा. पिवळट सांपडतो, गुलाबी सांपडतो, निळसर तर पुष्कळच. पांढरा मात्र क्वचित्.