धुण्याचा दगड

कंधारात मास्तरकी करणाऱ्याला इतिहास शोधावा लागत नाही. तो पायाला ठेच लावून स्वतःच भेटतो. राष्ट्रकूटांच्या या गावी एकेकाळी एक अजस्र क्षेत्रपाल उभा होता. आता त्याचे भग्न अवयव तेवढे उरले आहेत. त्यांच्यापुढे माझी सातवीतली दांडगी पोरेही गप्प होतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी या पोरांना एक उद्योग लावून दिला. वही आणि मोजपट्टी घेऊन आळीआळीने हिंडायचे. जोत्यात, पारावर, विहिरीच्या कठड्यात कोरीव दगड दिसला की त्याची जागा, माप नि नक्षी लिहायची. दगड हलवायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही. जागेवरचा दगड पुष्कळ सांगतो. उचलून नेला की मुका होतो.

तिसऱ्या दिवशी एकाने विचारले, "गुरुजी, तुमच्या परसातला धुण्याचा दगड लिहू? त्याच्या कडेला पाकळ्या आहेत."

आई आतूनच म्हणाली, "नको रे बाबा! कागदावर चढला की उद्या घराला खिळासुद्धा ठोकू देणार नाहीत."

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम करू न देणारा कायदा २०१० सालचा. पण त्याचे भय गावोगाव पोचले आहे. वहीतली नोंद म्हणजे सरकारी ताबा नव्हे, हे मी घरोघर समजावीत होतो. तरी मुलाला म्हणालो, "तो राहू दे."

रात्री झोप येईना. माझे आजोळ लातूरकडचे, किल्लारीजवळचे. तिथल्या दाराशी दोन दगडी हत्ती होते. लहानपणी मी त्यांच्यावर बसत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सारे ढिगाऱ्यात गेले. गाव दुसरीकडे वसले. जिथे माणसे गेली तिथे हत्तींसाठी कोण रडणार? पण आता लेकीला सांगू म्हटले, तर त्यांच्या सोंडा कुठे वळल्या होत्या तेही आठवेना. लिहिलेले तर कुठेच नाही.

सकाळी आईलाच विचारले. ती हातातले धुणे ठेवून बसून राहिली.

"एकाची उजवीकडे, एकाची डावीकडे. समोरासमोर होते ते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बोलाव त्या पोराला. आधी माझे हत्ती लिहून घे म्हणावं."

वहीत आता दोन नोंदी लागोपाठ आहेत. पहिलीपुढे लिहिले आहे, 'गेले.' दुसरीपुढे, 'गुरुजींच्या परसात. वापरात आहे.'