तळीवरची पेटी

आमच्या देवळाच्या तळीवर पाणी चढवणाऱ्या पंपाची जी विजेची पेटी होती, तिच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. उशीर झाला त्याचे कारण आळस नव्हे, संकोच होय.

पेटी जाड पत्र्याची, झाकणाच्या कडेने काळ्या रबराची पट्टी असलेली. तिच्यावर ‘आयपी ६५’ असा छाप होता. त्यातला ६ म्हणजे धुळीचा कणही आत जाणार नाही. ५ म्हणजे नळीने पाण्याचा झोत मारला तरी आतल्या साहित्यास बाधा नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आमच्या गोव्यात असा छाप पाहून कोणासही धीर यावा. तरीही वायरमनने तिच्या तळाशी एक बारीक भोक पाडून ठेवले होते. मी त्यास हटकले. एवढी भक्कम पेटी आणून तिला भोक कसले? मुंग्या शिरतील, बुजव ते. तो म्हणाला, “मास्तर, उदक भायर वचपाक वाट जाय.” आत येणारच नाही ते बाहेर जाईल कोठून, असा तर्क मी लढवला. मास्तरांपुढे कोण बोलणार? त्याने भोक बुजवले.

पुढल्या वर्षी श्रावणातल्या एका पहाटे भटजींचा धाकटा मुलगा अभिषेकाचे पाणी चढवावयास गेला. पेटीस हात लागताच धक्का बसून तो पायऱ्यांवर फेकला गेला. तळीत पडला नाही ही देवाची कृपा. खांदा दुखावला, तळहात भाजला, आणि आठवडाभर तो अंथरुणास खिळून होता. पेटी उघडली तो आत दोन बोटे पाणी! तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला, अर्थिंगची तार झिजून सुटलेली. झाकण मात्र शाबूत होते, रबरही कोठे फाटले नव्हते. समितीच्या बैठकीत सर्वांनी वायरमनला बोल लावला. त्या बैठकीस मी हजर होतो, आणि गप्प बसलो होतो.

पाणी कोठून आले, हे मला तरी कळावयास हवे होते. ३० वर्षे मी मुलांना वायूचे नियम शिकवले! उन्हाने पेटीतली हवा ५० अंशांपर्यंत तापते, फुगते आणि थोडीशी रबराखालून निसटते. मग सर येते, पत्रा निवतो, हवा २५ अंशांवर उतरते. तेवढ्याने तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच अशा झाकणावर हा फरक सुमारे ९५ किलो भाराइतका होतो. एवढी ओढ लागल्यावर पेटी बाहेरची दमट हवा रबराच्या कडेने आत घेतेच, आणि त्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर दवासारखी धरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेटी श्वासोच्छ्वास करीत असते, आणि प्रत्येक श्वासागणिक आत थोडे पाणी ठेवीत असते. शिवाय रबर वाफेस मुळी अभेद्य नव्हेच. झोताची ती परीक्षा काही मिनिटांत आटोपते. आमचा पावसाळा चार महिने चालतो.

खऱ्या अभेद्य बंदिस्तीस इंग्रजीत ‘हर्मेटिक’ म्हणतात. हर्मीस हा युरोपातल्या किमयागारांचा आद्य गुरू मानलेला; ते लोक काचेच्या नळीचे तोंडच वितळवून बंद करीत. आमचे आजोबा वैद्य होते. भस्म करताना मातीची दोन परळे तोंडास तोंड लावून ते कापडमातीने लिंपीत, त्याची मला या निमित्ताने आठवण झाली. विजेच्या कामात मात्र काच किंवा धातू यांवाचून खरी बंदिस्ती नाही. दिव्याच्या निर्वात गोळ्यात तार न्यावयाची तर ती काचेइतकीच प्रसरण पावणारी हवी, नाहीतर काच तडकते. म्हणून एडिसनच्या पहिल्या दिव्यांत प्लॅटिनमसारखी महाग तार वापरावी लागली. माझ्या वडील बंधूंच्या छातीत हृदयाची गती राखणारे यंत्र आहे. अशी आरंभीची यंत्रे इपॉक्सी राळेत ओतून बंद करीत, पण राळेतून शरीराचा ओलावा हळूहळू आत शिरे. १९७०च्या दशकात टायटॅनियमच्या डब्या वेल्डिंगने सांधून बंद करू लागले, तेव्हा कोठे तो थांबला.

पंपाची पेटी अशी कायमची सांधता येत नाही. कोणाला तरी ती उघडावीच लागते. मग आलेल्या पाण्यास वाट देणे, एवढेच हाती उरते.

पुढल्या बैठकीत मी उभा राहिलो आणि भोक माझ्या सांगण्यावरून बुजवले गेले, हे इतिवृत्तात लिहून घ्यावयास लावले. भटजी काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

नव्या पेटीस नवे अर्थिंग दिले, ३० मिलिअँपिअर वीज वाट चुकली तरी प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवला, आणि बाजूस सच्छिद्र टेफ्लॉनचे एक बूच लावले, ज्यातून हवा जाते पण थेंब जात नाही. तळाचे भोक वायरमनने माझ्यासमोरच पाडले. लोखंडाचा कीस फुंकून त्याने मान वर केली.

“आनी मुयो रिगल्यार, मास्तर?”

आणि उत्तराची वाट न पाहता तो खिशातली बारीक जाळी कापू लागला.