शिट्टीऐवजी झेंडा

कर्णबधिर मुलांचा खेळाचा तास घेऊ लागल्यापासून मैदानाकडे बघण्याची माझी नजर बदलली. शिट्टीच्या जागी लाल झेंडा आला. सूचना सगळ्या आधीच द्यायच्या, कारण पळणारं मूल माझ्या खुणा बघू शकत नाही. सूर्याकडे तोंड करून मीच उभी राहते; मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही, माझे हात आणि ओठ त्यांना स्पष्ट दिसतात.

खो-खोत 'खो' मोठ्यानं म्हणावा लागतो. आमच्याकडे पाठीवरची थाप पुरते. काही मुलांच्या आतल्या कानातला तोल सांभाळणारा भागही कमजोर असतो. त्यांच्याकडून रेषेवरून चालणं, एका पायावर उभं राहणं रोज करून घेते. कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांना डोक्याला मार बसेल असे खेळ देत नाही.

कर्णबधिरांची पहिली जागतिक क्रीडास्पर्धा १९२४ साली पॅरिसमध्ये झाली. आज डेफलिंपिक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत धावपटू दिव्याच्या इशाऱ्यावर सुटतात. तरीही 'याला ऐकू येत नाही, बाजूला बसू दे' असं कुणी म्हणतं तेव्हा संताप येतो. नियम आपण केलेले आहेत, ते बदलता येतात. खेळणं मात्र प्रत्येक मुलाच्या हक्काचं आहे.