दादाची झोप

डहाणू, रविवार रात्र

प्रिय वहिनी,


फोन केला की दादा शेजारीच असतो, म्हणून सगळं लिहून पाठवते. काल तुम्ही दबक्या आवाजात विचारलंत, "स्कॅन तर नॉर्मल आहे, मग हे असे का वागतात?" मला वाटतं, या प्रश्नाचं सरळ उत्तर तुम्हाला अजून कुणी दिलेलंच नाही.

स्कॅन नॉर्मल म्हणजे कवटी शाबूत आहे आणि आत रक्तस्राव नाही, एवढंच. गाडी घसरली, हेल्मेटसकट डोकं आपटलं, तेव्हा आतल्या आत मेंदूला हिसका बसला. त्याने पेशींच्या कामात होणारा बिघाड स्कॅनमध्ये उमटत नाही, वागण्यात दिसतो. कुकरच्या शिट्टीला ताट सरकवून उठणं, "ट्यूबलाइट बंद करा" म्हणून मुलांवर खेकसणं, मग न्हाणीत जाऊन रडणं, हे सगळं त्या माराचंच आहे. वॉर्डात असे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत, आणि बहुतेक काही आठवड्यांत सावरतात. तोवर 'डोकं फिरलंय' हे शब्द घरात नकोत. आईलाही सांगा. त्याला ऐकू जातं आणि रात्री तेच डोक्यात घोळत राहतं.

आईने पहिल्या रात्री त्याला तासातासाला हलवून उठवलं. डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नाही, अशी जुनी समजूत आहे. डॉक्टरांनी तपासून निर्धास्तपणे घरी सोडल्यावर सहसा त्याची गरज नसते. आता मात्र उलट झालंय. दिवसभर तो पडून असतो आणि रात्री दोनला ओट्यावर बसून हायवेवरच्या ट्रकचे आवाज ऐकतो. पहिले एकदोन दिवस विश्रांती हवीच होती, ते दिवस संपले. अंधाऱ्या खोलीत नुसतं पडून राहिल्याने बरं व्हायला वेळच लागतो. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठवा, कोवळ्या उन्हात चिकूच्या वाडीतून एक फेरी मारू द्या. डोकं जास्त दुखायला लागलं तर तिथूनच माघारी. दुपारी अर्ध्या तासावर झोप नको, चारनंतर चहा नको. शेजारचे मायेपोटी म्हणतील, घोटभर ताडी घे, पडशील गपचूप. अजिबात नको. तिने डोळा लागतो, पण मध्यरात्री उघडतो आणि मेंदूचं सावरणं लांबतं. झोपेची गोळीही मेडिकलमधून परस्पर आणू नका.

कामावर जायची घाई करतोय ना? त्याला क्रिकेटमधल्या जडेजाची आठवण करून द्या. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात हेल्मेटवर चेंडू बसल्यावरही त्याने डाव संपेपर्यंत बॅटिंग केली, आणि तरीही पुढच्या डावात त्याच्याऐवजी चहल उतरला. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरवायचा, असा २०१९ पासून नियमच आहे. इतका दणकट माणूस बसवून ठेवतात, तर आपल्या दादाने थोडं थांबण्यात कसला कमीपणा? पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर तो फार महाग पडतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. त्याची झोप नुसत्या डोकेदुखीने उडालेली नाही, तो घाबरलाय. ट्रकचा हॉर्न वाजला की त्याचे खांदे आखडतात, हे मी मागच्या खेपेला पाहिलं. वहिनी, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास धरणी हादरत होती, तेव्हा ऐन थंडीत तुम्ही मुलांना घेऊन अंगणात झोपलात. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला. त्या दिवशी दोन वर्षांची एक मुलगी घराबाहेर पळताना पडली आणि डोक्याला मार लागून गेली. पुढे धक्के कमी झाले, घर धडधाकट होतं, तरी कितीतरी दिवस मांडणीवरचं भांडं वाजलं की तुम्ही दचकून उठून बसायचात. तेव्हा तुम्हाला कुणी भित्री म्हटलं नाही, कारण सगळं गाव जागं होतं. दादा एकटा जागा आहे. रात्री तो ओट्यावर गेला की तुम्हीही पाच मिनिटं जाऊन बसा, आणि तुमचं ते अंगणातलं झोपणं त्याला सांगा. उपदेश नको, नुसतं सांगा. 'पुरुषासारखा पुरुष आणि घाबरतो' असं त्याला स्वतःलाच वाटत असणार.

तरी लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलणं अडखळणं, हातापायातला जोर जाणं, फिट येणं, एक बाहुली मोठी दिसणं किंवा हलवूनही जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. आणि 'जगून काय उपयोग' असं काही बोलला तर ते रागातलं म्हणून सोडू नका. लगेच मला कळवा, त्याला एकटं ठेवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालेल. तुमचीही झोप होत नाहीये, ते काल आवाजावरून कळलं.

गुरुवारी मला सुट्टी आहे, सकाळच्या एसटीने येते. रात्री दादाजवळ मी जागी राहीन, तुम्ही मुलांच्या खोलीत दार लावून झोपा. तपासणीचे कागद आणि तो डोकेदुखीच्या किती गोळ्या घेतो, तेवढं लिहून ठेवा. रोज घेत असेल तर त्यानेही डोकं धरतं, डॉक्टरांना विचारावं लागेल.

तुमची,
ताई