यादीबाहेरचे त्रिआरी

'रोम: टोटल वॉर' हा २००४ सालचा संगणकीय खेळ मुलाने घरी आणला; रमलो मात्र मी. या खेळात इटलीत पहिला सम्राटप्रासाद बांधून झाला, की 'मारियसच्या सुधारणा' जाहीर होतात. हास्ताती, प्रिन्किपेस, त्रिआरी हे जुने पायदळ भरतीच्या यादीतून तत्क्षणी नाहीसे होते आणि एका साच्यातल्या लीजन-तुकड्या अवतरतात. आधी उभे केलेले त्रिआरी सैन्यात राहतात. पण त्यांच्यातला एक पडला, तर त्याच्या जागी नवा माणूस भरती करता येत नाही.

इतिहास इतका आज्ञाधारक नव्हता. जुगुर्थाविरुद्धच्या युद्धासाठी ख्रि. पू. १०७ मध्ये गायस मारियसने मालमत्ता नसलेल्यांना, म्हणजे ज्यांची केवळ शिरगणती होई अशांना, सैन्यात घेतले, असे सॅलस्ट सांगतो. पण 'कोहोर्ट' ही तुकडीरचना त्याच्या कितीतरी आधी स्पेनच्या रणभूमीवर दिसते. सारे स्थित्यंतर एकट्या मारियसच्या नावे मांडायला आजचे अनेक इतिहासकार तयार नाहीत.

खेळाला दोष देण्याचा अधिकार मला आहे का? वाङ्मयेतिहास शिकवताना मीही फळ्यावर एक सन लिहितो आणि त्याच्या अलीकडचे लेखक यादीतून पुसतो. ते त्यानंतरही लिहीत होते, वाचले जात होते, हे सांगायला तासिका पुरत नाही.

माझ्याकडे त्रिआरींची एक तुकडी अजून शिल्लक आहे. तिला लढाईत उतरवण्याचा धीर मला होत नाही.