माळवद पाडलं ती चूक
आज पिकाचं नाही, घराचं लिहितोय.

चार वर्षांपूर्वी माळवद पाडून स्लॅब टाकला. आबा म्हणाले होते, "पांढरी माती हाय ती, ऱ्हाऊ दे." ऐकलं नाही. गेल्या मे महिन्यात रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच. आबांना चक्कर आली, सलाईन लावावं लागलं.

मग वाचत बसलो. केंद्राची इको निवास संहिता २०१८ ला आली. तिच्यात छताचा यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नको, म्हणजे एक अंश फरकाला चौरस मीटरमागं १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. उघडा स्लॅब ३ च्या पुढं जातो! पण २०१८ ची ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटला होती. आपल्या गावठाणातल्या घराला कोण विचारतंय? मिस्त्रीनं सळई-सिमेंटचा हिशेब दिला, उन्हाचा मीही मागितला नाही.

यंदा चुना मारला. फरक पडतो, पण तो ऊन परतवतो, यू-व्हॅल्यू तोच राहतो. ऊसबिल आलं की दोन इंची एक्सपीएस शीट टाकून वर कोबा करणार.

तोवर आबा गोठ्यात झोपतात. तिथं पत्र्यावर पाचटाचा जाड थर आहे.